पत्र्यावरच्या रेघा कशा कमी करायच्या? इन्क्रिमेंटल शीट फॉर्मिंगमधलं फिनिशचं गणित

मी आता कोड लिहितो, पण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा आमचा प्रोजेक्ट पत्र्यावर होता. ॲल्युमिनियमचा एक वाडगा बनवायचा होता. त्याच्या उभ्या भिंती छान आल्या, पण तळाकडे बोट फिरवलं की रेघा लागायच्या. आम्ही पायरी अर्धी केली. मशीनचा वेळ दुप्पट झाला, तरी तळ खरखरीतच! असं का झालं, ते आज समजून घेऊया.

ही पद्धत काय आहे?

नेहमीच्या प्रेसकामात प्रत्येक आकारासाठी महागडी डाय लागते. इन्क्रिमेंटल शीट फॉर्मिंगमध्ये पत्रा चौकटीत आवळून बसवतात आणि गोल टोकाचं टूल सीएनसी मशीनवर फेऱ्या मारत त्याला थोडं थोडं खाली दाबत जातं. ही कल्पना जुनी आहे, एडवर्ड लेझॅक यांना तिचं अमेरिकन पेटंट १९६७ मध्ये मिळालं. दोन-चार नगच हवे असतील, तर ही पद्धत परवडते.

रेघा येतात कुठून?

टूलचं टोक गोल असल्यामुळे दोन फेऱ्यांच्या मध्ये बारीक कंगोरा उरतो. त्याच्या उंचीचा अंदाज असा काढतात: भिंतीवरून मोजलेल्या दोन फेऱ्यांमधल्या अंतराचा वर्ग, भागिले टूलच्या त्रिज्येची आठपट. हे अंतर म्हणजे खाली उतरायची पायरी भागिले भिंतीच्या कोनाचा साइन. कोन आडव्या पातळीपासून मोजायचा.

१० मिमी व्यासाचं टूल आणि ०.५ मिमी पायरी धरूया.

- ४५° भिंत: कंगोरा सुमारे १२.५ मायक्रॉन
- २०° भिंत: सुमारे ५३ मायक्रॉन

म्हणजे पायरी तीच, पण उतार सौम्य झाला की रेघा चौपटीहून जास्त!

आमचं चुकलं कुठे?

पायरी ०.२५ मिमी केली की कंगोरा एक चतुर्थांश होतो. पण २०° भागात तो तरीही १३ मायक्रॉनच्या आसपास राहतो, म्हणजे ४५° भिंतीला आधीच होता तेवढा. आम्ही चांगल्या भागावर दुप्पट वेळ घालवत होतो.

खरा उपाय टूलपाथमध्ये होता. सगळीकडे सारखी पायरी ठेवण्याऐवजी कंगोऱ्याची उंची सारखी ठेवायची. १२.५ मायक्रॉन चालणार असतील, तर २०° ला ०.२४ मिमी आणि ६०° ला ०.६१ मिमी पायरी पुरते. जिथे गरज आहे तिथेच वेळ जातो.

बाकीच्या सेटिंगचं काय?

- मोठं टूल: त्रिज्या दुप्पट केली की कंगोरा निम्मा होतो. पण बारीक कोपरे येत नाहीत आणि पत्रा फाटण्याआधी कमी ताणला जातो.
- तेल किंवा ग्रीस: ॲल्युमिनियम टूलला चिकटतं आणि पृष्ठभागावर ओरखडे उठतात. वंगण कमी पडलं, तर बारीक पायरीचाही उपयोग नाही.
- भिंतीचा कोन: पत्र्याची उरलेली जाडी साधारण कोनाच्या कोसाइनप्रमाणे कमी होते. ६०° ला १ मिमीचा पत्रा ०.५ मिमी राहतो. फिनिशच्या नादात हे विसरू नका.
- बाहेरची बाजू: टूल तिथे लागतच नाही. तिथला संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा धातू ताणल्यामुळे येतो, पायरी कमी करून तो जात नाही.

ट्रायल किती घ्यायच्या?

पायरी, टूलचा व्यास, फीड आणि स्पिंडलचा वेग, प्रत्येकाच्या तीन पातळ्या घेतल्या तर ८१ जोड्या होतात. तागुचीच्या एल-९ तक्त्याने ९ ट्रायलमध्ये मुख्य परिणाम कळतात. मात्र दोन घटकांचा एकमेकांवरचा परिणाम त्यात वेगळा काढता येत नाही, म्हणून निवडलेल्या सेटिंगवर एक नग करून बघायचाच.

थोडक्यात, आधी किती फिनिश पुरेसं आहे ते ठरवा, मग आकाराचा सर्वात सौम्य उतार शोधा आणि त्यानंतरच पायरीला हात लावा. आम्ही नेमकं उलट केलं होतं.