ताबा देताना, ताबा घेताना : मुंबईतील भाड्याच्या घराची पाहणी

भाड्याची जागा ताब्यात देताना आणि परत घेताना तिची पाहणी करावी, ही अपेक्षा भारतीय कायद्यात जुनीच आहे; मात्र मुंबईत ती अनेक दशके निष्प्रभ राहिली आणि त्याची कारणे मुख्यतः भाडेविषयक कायद्यांच्या इतिहासात सापडतात. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम मुंबई इलाख्याला 1893 पासून लागू झाला. त्याच्या कलम 108 नुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर, भाडेकरूने जागा ज्या स्थितीत घेतली त्याच स्थितीत परत करावयाची असते. रीतसर वापरातून होणारी झीज, म्हणजे उंबऱ्याशी घासलेली फरशी किंवा उडालेला रंग, तसेच माणसाच्या आवाक्याबाहेरील आपत्तीने झालेले नुकसान यांतून त्याला सूट मिळते. मुदत चालू असताना मालकाला वाजवी वेळी येऊन जागा पाहता यावी आणि दोष आढळल्यास तशी नोटीस देता यावी, अशीही तरतूद त्यात आहे. अशा रीतीने तुलनेचा निकष ठरला, पण ज्या मूळ स्थितीशी तुलना करावयाची ती लिहून ठेवण्याचे बंधन कोणावरही घातले गेले नाही, आणि पुढील बहुतेक तंट्यांचे मूळ या उणिवेत आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात घरटंचाई वाढल्याने 1918 मध्ये मुंबईत भाडेनियंत्रण आले, आणि 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे, म्हणजे मालकाला कायद्याने घेता येणारे कमाल भाडे, सर्वसाधारणपणे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधले. भाडेकरूला काढण्याची कारणे मोजकीच राहिली आणि भाडेहक्क कुटुंबातील पुढच्या पिढीकडे जाऊ लागला. गिरणगावातील कुटुंबांना या संरक्षणाने जे स्थैर्य दिले त्याचे मोल मोठे आहे. पण ज्या भाडेकराराचा शेवटच होत नाही, त्याच्या शेवटी पाहणी तरी कशाची होणार? खोली एकाकडून दुसऱ्याकडे गेलीच तर ती पागडीने जाई. पागडी म्हणजे नव्या भाडेकरूने हक्क मिळवण्यासाठी दिलेली ठोक रक्कम; जागेच्या बऱ्यावाईट स्थितीचा हिशेब त्या रकमेतच परस्पर होऊन जाई. गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती परवडत नसल्याने इमारती खचत गेल्या, 1969 च्या कायद्याने शहरातील जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ नेमले, आणि पाहणीला नवाच अर्थ आला: खोली कशी राखली आहे हे राहिले बाजूला, इमारत पावसाळ्यात तग धरेल की नाही हे अभियंते तपासू लागले.

नोंदीच्या अभावाची किंमत पोटमाळ्यावरून स्पष्ट होते. चाळीतील उंच छताच्या खोलीत तुळया टाकून, वर फळ्या ठोकून झोपण्यासाठी केलेला हा मजला वाढत्या कुटुंबाची गरज होती. परंतु लेखी परवानगीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम करणे हे जागा खाली करवून घेण्याचे एक कारण असल्याने तोच पोटमाळा दाव्याचा विषय बने. तो आधीपासून होता की भाडेकरूने घातला, तुळया भिंतीत शिरलेल्या आहेत की नुसत्या टेकवलेल्या, भिंतीला इजा न होता तो काढता येईल का, अशा प्रश्नांसाठी न्यायालयाला प्रसंगी जागेवर कमिशनर पाठवावा लागे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने लाकडी आडभिंत, स्वयंपाकाचा ओटा, वायुवीजनासाठी खिडकी अशी कामे, आवश्यक तेथे पालिकेची परवानगी घेऊन केल्यास, कायमस्वरूपी बांधकामातून वगळली, हे योग्यच झाले.

पाहणीची रीत खऱ्या अर्थाने परतली ती लिव्ह अँड लायसन्समुळे, म्हणजे ज्या करारात राहणाऱ्याला केवळ वापराची परवानगी मिळते आणि भाडेहक्क निर्माण होत नाही त्या करारामुळे. 1 फेब्रुवारी 1973 रोजी अशा जागांत असलेल्या परवानाधारकांना 1947 च्या कायद्यातील दुरुस्तीने भाडेकरूंचा दर्जा मिळाल्याने मालक धास्तावले होते. 1999 च्या कायद्याने मुदत संपताच जागा परत मिळवण्याचा जलद मार्ग दिला, करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे केले आणि पूर्वसूचना देऊन जागा पाहण्याचा मालकाचा अधिकारही नमूद केला. राहणारा अकरा महिन्यांनी जाऊ शकतो आणि त्याचे डिपॉझिट मालकाकडे आहे, अशा व्यवहारात पाहणीला पुन्हा दोन्ही टोके मिळाली. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू अधिनियमाने तर भिंतींची रंगसफेदी व विजेचे वायरिंग मालकाकडे आणि नळ, बटणे, कुलपे यांची दुरुस्ती भाडेकरूकडे, अशी वाटणीच परिशिष्टात दिली. परंतु हा नमुना कायदा असल्याने राज्याने स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाही.

आजच्या करारांना जोडली जाणारी यादी बहुधा पंखे, ट्यूबलाइट, गिझर आणि चाव्या मोजून थांबते. भिंतीतील ओल, मोरीची गळती, तडकलेली फरशी यांचा तीत उल्लेख नसतो, आणि डिपॉझिट कापले जाते ते नेमके यांवरूनच. लेखी परवाना करार त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जावा असे 1999 च्या कायद्याचे कलम 24 सांगते. म्हणून मालक आणि राहणारा यांनी ताब्याच्या दिवशीच जागेची स्थिती, दोषांसह, परिशिष्टात लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.