अमेरिकेतील सनदी शाळा आणि सार्वजनिक शिक्षण

आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांची मुले-मुली आज अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. नातवंडांच्या शाळेचा विषय निघाला म्हणजे 'चार्टर स्कूल' हा शब्द वारंवार कानी पडतो, आणि ही शाळा सरकारी म्हणावी की खासगी, असा प्रश्न इकडील आजी-आजोबांना पडतो. दोन्ही उत्तरे अर्धीअर्धी खरी आहेत. म्हणूनच या शाळांचा पूर्वेतिहास येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

चार्टर म्हणजे सनद. ही गोष्ट आपणांस अपरिचित नाही. ईस्ट इंडिया कंपनी १६०० साली राणीच्या सनदेनेच जन्मास आली, आणि १८१३ मध्ये त्या सनदेचे नूतनीकरण करताना पार्लमेंटने या देशातील विद्येच्या उत्तेजनार्थ दरसाल एक लक्ष रुपये बाजूस काढण्याचे कलम तीत घातले. सनदेत हक्क असतो, तशी अटही असते. अमेरिकेतील सनदी शाळेस सार्वजनिक तिजोरीतून पैसा मिळतो. तिला फी घेता येत नाही. जागांपेक्षा अर्ज अधिक आल्यास चिठ्ठ्या टाकून प्रवेश द्यावे लागतात. कारभार मात्र स्वतंत्र मंडळाकडे असतो आणि सरकारी शाळांना लागू असलेल्या बऱ्याच नियमांतून तिला सूट असते. ठरलेल्या मुदतीत अपेक्षित फळ दिसले नाही, तर सनद काढून घेता येते.

तत्पूर्वीची स्थिती थोडी ध्यानात घेतली पाहिजे. १८३७ पासून मॅसॅच्युसेट्स राज्यात होरेस मान यांनी सार्वजनिक खर्चाने चालणाऱ्या 'सर्वांच्या शाळे'चा पुरस्कार केला. धनिकाचे व मजुराचे मूल एकाच बाकावर बसावे, ही त्यामागील कल्पना. परंतु त्या बाकावर कृष्णवर्णीय मुलास दीर्घकाळ जागा नव्हती. १९५४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदाच्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या, तेव्हा व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्याने एकत्र शिक्षण देण्यापेक्षा आपल्या सर्व सरकारी शाळाच १९५९ ते १९६४ पर्यंत बंद ठेवल्या! गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली; कृष्णवर्णीय मुलांची पाच वर्षे गेली ती गेलीच. 'पालकांना शाळा निवडण्याचे स्वातंत्र्य' हे शब्द ऐकताच तेथील काही वडीलधारी माणसे आजही सावध होतात, त्याचे कारण हे आहे.

सनदी शाळेची कल्पना मात्र अशा द्वेषातून निघालेली नाही. रे बुडे या प्राध्यापकांनी ती प्रथम मांडली, आणि तिला देशभर प्रसिद्धी दिली ती अल्बर्ट शँकर यांनी. हे गृहस्थ शिक्षकांच्या एका मोठ्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते, ही गोष्ट आज बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. १९८७ मध्ये त्यांनी जर्मनीतील कोलोन शहरी एक शाळा पाहिली. तेथे तुर्की कामगारांची व जर्मन नागरिकांची मुले एकत्र शिकत. शिक्षकांचा एकच गट त्याच मुलांना पाचवीपासून दहावीपर्यंत सांभाळी, आणि वेळापत्रकापासून पुस्तकांपर्यंतचे निर्णय तो गटच घेई. ३१ मार्च १९८८ रोजी वॉशिंग्टन येथील भाषणात शँकर यांनी अशीच सूचना केली. शिक्षकांच्या छोट्या गटांना काही वर्षांसाठी मोकळीक द्यावी, आहे त्याच शाळेत त्यांनी नवी पद्धती आजमावावी, आणि जे साधेल ते इतर सर्व शाळांनी उचलावे. ती एक प्रयोगशाळा व्हावी, प्रतिस्पर्धी दुकान नव्हे, असा त्यांचा आशय होता.

१९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला, तो अवघ्या आठ शाळांपुरता. पहिली शाळा १९९२ मध्ये सेंट पॉल येथे उघडली, आणि तिच्यात आली ती शाळा सोडून गेलेली मुले. आरंभ इतका नम्र होता. परंतु पुढे एका चालकाने अनेक शाळा चालविण्याची पद्धत पडली, काही राज्यांत नफ्यासाठी काम करणाऱ्या कंपन्याही कारभारात शिरल्या, आणि ज्या शिक्षकांसाठी ही कल्पना निघाली त्यांचाच अधिकार तीत उणा होत गेला. खुद्द शँकर पुढे या चळवळीचे टीकाकार बनले. १९९७ मध्ये ते निवर्तले. २०२१ च्या सुमारास या शाळांची संख्या ७,८०० च्या आसपास व त्यांतील मुलांची संख्या सुमारे ३७ लक्ष होती.

या मुलांचे अध्ययन कसे झाले? स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये पाहणी केली, तेव्हा गणितात शेजारच्या सरकारी शाळांहून सरस ठरलेल्या सनदी शाळा शेकडा १७ होत्या, निकृष्ट ३७, आणि उरलेल्या तशाच. २०२३ च्या पाहणीत मात्र सनदी शाळांतील मुले सरासरीने किंचित पुढे आढळली. तेव्हा या शाळांत काही साधत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गरीब वस्तीतील ज्या आईने चिठ्ठीत नाव निघावे म्हणून देव पाण्यात घातले असतील, तिला दोष तरी कोणी द्यावा?

प्रश्न आहे तो मागे राहिलेल्या शाळेचा. पैसा मुलामागे जातो. समजा, सहाशे मुलांच्या शाळेतून तीस मुले गेली. ती एका वर्गातून जात नाहीत, प्रत्येक वर्गातून एक-दोन अशी जातात. त्यामुळे ना शिक्षक कमी करता येतो, ना छपराची डागडुजी टळते. उत्पन्न मात्र तीस मुलांचे घटते. शिवाय मागे कोण राहते, हेही पाहिले पाहिजे. २००९-१० या वर्षी सरकारी शाळांत अपंगत्व असलेली मुले शेकडा ११ होती आणि सनदी शाळांत ८, असे अमेरिकन सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने दाखवून दिले. ज्या मुलास शिकविण्यास अधिक खर्च येतो, ते जुन्याच शाळेच्या वाट्यास अधिक येते. पट उतरला की शाळा बंद होते. हे आपल्या खेड्यांतील जिल्हा परिषदेच्या शिक्षकांस समजावून सांगावयास नको.

आपल्याकडेही १८५४ च्या खलित्याने खासगी संस्थांच्या शाळांस सरकारी अनुदान देण्याची प्रथा पडली; कित्येक ज्ञातिसंस्थांच्या शाळा तिच्याच आधाराने वाढल्या. म्हणून ही अमेरिकन वस्तू आपल्या अनुदानित शाळेची बहीण वाटते. तथापि एक भेद आहे. आपल्या अनुदानित शाळा बहुधा जेथे दुसरी शाळाच नव्हती तेथे उभ्या राहिल्या; सनदी शाळा पुष्कळदा चालत्या शाळेच्या शेजारीच उभी राहते. आणि १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी आग्रह धरला होता तो सर्वसामान्यांच्या प्राथमिक शिक्षणाचा, आणि ते बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करण्याचा. ते ओझे सरकारने खाली ठेवू नये, ही त्यांची दृष्टी होती.

हे ओझे पूर्णपणे खाली ठेवून पाहिले ते न्यू ऑर्लिन्स शहराने. ऑगस्ट २००५ मधील कट्रिना वादळात शहर बुडाले. त्यानंतर राज्य सरकारने शहरातील बहुसंख्य शाळा ताब्यात घेतल्या. सात हजारांहून अधिक शाळा-कर्मचारी कामावरून दूर झाले. त्यांतील शिक्षक बहुसंख्येने कृष्णवर्णीय होते, आणि शिक्षकाची नोकरी हाच तेथील कित्येक घरांचा मध्यमवर्गात येण्याचा जिना होता. एकामागून एक शाळा सनदी झाल्या आणि २०१९ पर्यंत सरकारी अशी एकही उरली नाही. परीक्षांतील गुण वाढले, शाळा पूर्ण करणारे वाढले. हे मान्य केलेच पाहिजे. परंतु घराजवळची शाळा नाहीशी होऊन लहान मुलांचा बसप्रवास लांबला, आणि अपंग मुलांच्या पालकांस २०१० मध्ये न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. एखादी शाळा बंद पडली की तिची मुले कोणी घ्यावयाची, याचा बांधील असा मालकच उरला नव्हता.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये त्या शहराच्या शाळामंडळाने पुन्हा स्वतः चालविण्यासाठी एक शाळा उघडली. शहरातील प्रसिद्ध पाककुशल स्त्री लिया चेस यांचे नाव तिला दिले आहे. एका सनदी शाळेची सनद गेली होती, आणि तिच्या जागी ही नवी शाळा आली.