न गंजणारे पोलाद आणि तारापूर

बोईसर स्थानकावरून पश्चिमेस समुद्राकडे निघाले म्हणजे प्रथम कारखान्यांची वसाहत लागते व पुढे तारापूरचे अणुविद्युत् केंद्र. ह्या दोहोंत, आणि आपल्या घराघरांतील फडताळावर, एकच धातू नांदत आहे. तो म्हणजे स्टेनलेस स्टील. त्याचा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे, विशेषतः कारखान्यांत काम करणाऱ्या तरुणांपुढे, संक्षेपाने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

१९१२ साली जर्मनीतील एसेन येथे क्रुप कारखान्यातील माउरर व स्ट्राउस यांनी लोखंडात क्रोमियम व निकेल मिसळून हे पोलाद सिद्ध केले. पुढे शेकडा १८ भाग क्रोमियम व ८ भाग निकेल हे प्रमाण रूढ झाले. क्रोमियममुळे पृष्ठभागावर डोळ्यांस न दिसणारा पापुद्रा धरतो आणि ओरखडा उठला तरी तो पुन्हा धरतो. निकेलमुळे आंतररचना ‘ऑस्टेनाइट’ स्वरूपाची राहते. हे नाव इंग्रज धातुशास्त्रज्ञ रॉबर्ट्स-ऑस्टेन यांच्यावरून पडले. असे पोलाद चिवट असते, दाबून हवा तो आकार घेते व सहसा चुंबकास चिकटत नाही. तांब्यापितळेच्या भांड्यांस वरचेवर कल्हई लागे. ह्या पोलादाने ती यातायात संपविली.

२८ ऑक्टोबर १९६९ रोजी देशातील पहिले अणुविद्युत् केंद्र तारापुरास सुरू झाले. त्यातील दुय्यम वाफयंत्रांच्या नळ्या ह्याच कुळातील, ३०४ क्रमांकाच्या पोलादाच्या होत्या. तथापि त्या गळू लागल्या, आणि १९८० च्या दशकात प्रत्येक संचाची क्षमता २१० मेगावॉटवरून १६० वर आणावी लागली.

ह्या पोलादाचा खरा वैरी तांबडा गंज नव्हे, तर तडा होय. वेल्डिंगच्या सांध्याशेजारी उष्णता सुमारे ४५० ते ८५० अंश सेल्सियसमध्ये रेंगाळली म्हणजे कार्बन क्रोमियमला ओढून घेतो व धातुकणांच्या सीमा दुबळ्या होतात. त्यात ताण आणि प्राणवायुयुक्त उष्ण पाणी यांची भर पडली की तडा जातो. तारापूरच्या जातीच्या परदेशी अणुभट्ट्यांच्या नळांतही १९७० च्या दशकात असे तडे आढळले. यावर उपाय म्हणजे कार्बन शेकडा ०.०३ च्या आत ठेवणे. आपल्या किनाऱ्यावरील खाऱ्या हवेस शेकडा २ ते ३ मॉलिब्डेनम असलेले ३१६ क्रमांकाचे पोलाद अधिक टिकते.

वेल्डिंगचे काम करणाऱ्या आमच्या तरुणांनी एवढे ध्यानी धरावे की, पोलाद उत्तम असले तरी सांधा बिघडला तर ते निरुपयोगी ठरते. कोणत्या कामास कोणता क्रमांक हे विचारून घेण्यात कमीपणा मानू नये, हीच आमची विनंती.