खरजेचा किडा आणि सुईचे टोक

यवतमाळजवळचे लोहारा काय किंवा दुसरे गाव काय, मुलाला खरूज झाली की ‘रक्त बिघडले’ असे म्हणतात. युरोपातील वैद्यही एके काळी असेच मानत. इटलीतील गरीब बायका मात्र सुईने मुलांच्या त्वचेतून बारीक किडे काढत. बोनोमो यांनी तो किडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून १६८७ मध्ये वर्णिला. वैद्यांना तो पटला नाही. अखेर १८३४ मध्ये पॅरिसमध्ये कॉर्सिकाच्या रेनुची या विद्यार्थ्याने सुईनेच तो सर्वांसमक्ष काढून दाखवला.

किडा स्पर्शाने पसरतो, म्हणून घरातील सर्वांनी एकाच दिवशी उपचार घ्यावेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने ५ टक्के पर्मेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत लावावे, ८ ते १४ तासांनी धुवावे व आठवड्याने पुन्हा लावावे. स्टेरॉइडच्या मलमाने खाज दबते; किडा मरत नाही.