पेठेची ईर्ष्या आणि मैदानावरील शिस्त

कोल्हापुरात फुटबॉल संघ तालीम अथवा तरुण मंडळाच्या नावाने ओळखला जातो. शिवाजी पेठेतील शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम मंडळ व संध्यामठ तरुण मंडळ आणि मंगळवार पेठेतील पाटाकडील तालीम मंडळ ही त्यांपैकी ठळक नावे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) स्पर्धांत हे संघ शाहू स्टेडियमवर समोरासमोर येतात, तेव्हा पेठांची ईर्ष्याही पणाला लागते. समर्थकांच्या हुल्लडबाजीमुळे येथील सामन्यांना यापूर्वी गालबोट लागले आहे. अशा वातावरणात खेळाडूचा क्षणार्धातील निर्णय संघाला तारतो किंवा बुडवतो.

कार्डांचा हिशेब

पिवळे व लाल कार्ड विश्वचषकात प्रथम १९७० मध्ये मेक्सिको येथे वापरात आले. इंग्लंडचे पंच केन अ‍ॅस्टन यांना ही कल्पना वाहतुकीच्या दिव्यांवरून सुचली. विश्वचषकातील पहिले लाल कार्ड १९७४ मध्ये चिलीच्या कार्लोस कास्झेली यांना मिळाले. एकाच सामन्यात दुसरे पिवळे कार्ड मिळाल्यास खेळाडूला बाहेर जावे लागते व त्याच्या जागी बदली खेळाडू घेता येत नाही. संघात सातपेक्षा कमी खेळाडू उरल्यास सामना पुढे चालू ठेवता येत नाही.

म्हणूनच आधीच पिवळे कार्ड मिळालेल्या बचावपटूने उशिरा पाय घालण्याऐवजी प्रतिस्पर्ध्याला कडेला रेटत सहकाऱ्याची वाट पाहणे शहाणपणाचे असते. निश्चित गोलची संधी फाऊल करून हिरावल्यास लाल कार्ड मिळते. गोलपासूनचे अंतर, चालीची दिशा, चेंडूवरील ताबा आणि इतर बचावपटूंची जागा यांवरून पंच हे ठरवतात. २०१६ पासून एक सवलत आहे. पेनल्टी क्षेत्रात चेंडू खेळण्याच्या प्रामाणिक प्रयत्नात फाऊल झाल्यास पेनल्टी दिली जाते, मात्र कार्ड पिवळेच राहते.

ऑस्ट्रेलियातील वेगळी रीत

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे १८ खेळाडू मैदानात असतात. तेथील सर्वोच्च स्पर्धेत, म्हणजे एएफएलमध्ये, खेळाडूला लाल कार्ड दाखवून बाहेर काढण्याची पद्धत नाही. गंभीर गुन्ह्याची दखल सामन्यानंतर घेतली जाते व दोषी खेळाडूवर पुढील सामन्यांसाठी बंदी येऊ शकते. पंचांशी हुज्जत घातल्यास प्रतिस्पर्ध्याला ५० मीटर पुढे नेऊन किक दिली जाऊ शकते. म्हणजे तोंडाच्या बेशिस्तीची किंमत तेथे तत्काळ मोजावी लागते, तर हाणामारीची मुख्य शिक्षा नंतर होते. कोल्हापुरात खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलमध्ये हाणामारीचे ओझे उरलेल्या दहा जणांना त्याच सामन्यात वाहावे लागते.

कर्णधाराची जबाबदारी

नियमानुसार कर्णधाराला विशेष अधिकार नाहीत, परंतु संघाच्या वर्तनाची काही जबाबदारी त्याच्यावर असते. पंचांकडे केवळ कर्णधारानेच दाद मागावी, अशा ऐच्छिक मार्गदर्शक सूचना २०२५-२६ च्या नियमावलीत आल्या आहेत. निर्णय विरोधात गेल्यावर सहकाऱ्यांना मागे खेचणारा एक शांत खेळाडू प्रत्येक संघाला लागतो. गॅलरीतून पेठेचा गजर चालू असताना हे काम सोपे नसते. पण मैदानावर खेळाडूंची पंचांभोवती झुंबड उडाली की तिचे लोण गॅलरीत पोहोचण्यास वेळ लागत नाही. त्यामुळे शिस्तीचा सराव हा पासिंगच्या सरावाइतकाच आवश्यक ठरतो.