जुन्या मोटारीचे मोल

जुनी इंग्रजी मोटार विकायला निघाली म्हणजे तिची स्तुती ठरलेली असते. मालक एकच, कातडी बैठका मूळच्या, अक्रोडाचे लाकूड आरशासारखे, गंजाचा ठिपका नाही. गाडी किती मैल धावली हे कळते. ती बांधली कोणी, हे मात्र कळत नाही. जॅग्वार ‘मार्क टू’ या गाडीपुरता तो प्रश्न आज विचारू.

विल्यम लायन्स यांनी १९२२ साली ब्लॅकपूल येथे भागीदारीत साइडकार बांधण्याचा धंदा काढला आणि १९२८ मध्ये तो कॉव्हेंट्रीला नेला. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बफेकीत ते शहर होरपळले. त्या युद्धकाळात, कारखान्यावर आगीचा पहारा करता करता, तिथल्या इंजिनियरांनी नव्या इंजिनाचा विचार पक्का केला. तेच एक्सके इंजिन १९४८ मध्ये प्रथम गाडीत बसले आणि १९९२ पर्यंत बनत राहिले. तेच इंजिन अनेक गाड्यांना वापरायचे आणि सांगाडे बाहेरून घडवून आणायचे, या हिशेबामुळे बेंटलीचा थाट बऱ्याच कमी किमतीत देणे लायन्सना साधले.

‘मार्क टू’ १९५९ ते १९६७ या काळात ब्राउन्स लेनच्या कारखान्यात तयार झाली. चारही चाकांना डिस्क ब्रेक, मागे बसणाऱ्यांसाठी घडीची मेजे, आणि संख्या ऐंशी हजारांवर! तेव्हा एखाद्या म्हाताऱ्या कारागिराने निवांतपणे घडविलेली वस्तू हे चित्र खरे नाही. तिथे नगावर मजुरी होती. प्रत्येक कामाचा दर फोरमन आणि कामगारांचा प्रतिनिधी घासाघीस करून ठरवीत. घोडागाड्या बांधणाऱ्यांच्या जुन्या संघटनांतून वाढलेली वाहनबांधणी कामगारांची युनियन या शहरात बळकट होती; कॉव्हेंट्रीतील मजुरी देशातील वरच्या मजुरींत गणली जाई. १९७२ मध्ये नगावारी पद्धत मोडून दिवसाचा बांधील पगार आणायचे ठरले, तेव्हा जॅग्वारमध्ये मोठा संप झाला.

युनियन आली की कामाची प्रत गेली, असे आपल्याकडेही पुष्कळ लोक म्हणतात. त्यांनी या गाडीचे दार उघडून पाहावे. गंज हा तिचा खरा दोष, म्हणूनच धड राहिलेली गाडी महाग मिळते. परंतु लाकडाचा सांधा आणि कातड्याची शिवण दराची घासाघीस करणाऱ्या हातांचीच आहे.

२००५ मध्ये ब्राउन्स लेनवरील मोटारींची जुळणी थांबली. २००८ पासून जॅग्वारची मालकी आपल्या टाटांकडे आहे, याचा आपल्याला अभिमान वाटतो, वाटावाही. परंतु नाव विकत घेता येते, हातातले कसब तसे घेता येत नाही. गाडी जपायला धनिक मिळतो. ती घडविणाऱ्यांच्या आठवणी जपायला कोण मिळणार? आपल्या गावातही निवृत्त फिटर, सुतार, रंगारी आहेत. त्यांनी काम कसे शिकले, दर कसा मागितला, हे त्यांच्या तोंडून आताच लिहून घ्या. तो इतिहास विकायला कधी निघणार नाही. तो नुसता नाहीसा होईल.