महाबळेश्वरचे वेण्णा सरोवर आणि त्यामागचे श्रम

भारतयात्रेस निघालेले आपले मॉरिशसवासी महाराष्ट्रीय बंधुभगिनी मुंबई-पुणे पाहून झाल्यावर बहुधा महाबळेश्वरची वाट धरतात. पूर्वजांची भूमी डोळे भरून पाहावी आणि थंड हवेत दोन दिवस विसावा घ्यावा, हा हेतू योग्यच होय. परंतु त्या रम्य स्थळाचा इतिहास आपल्या इतिहासाला किती जवळचा आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तेवढे सांगावे, हाच या लेखाचा उद्देश.

महाबळेश्वर सातारा जिल्ह्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर, सुमारे ४,५०० फूट उंचीवर वसले आहे. क्षेत्र म्हणून त्याचे माहात्म्य फार जुने. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तेथील पंचगंगा मंदिरात मानतात. कृष्णा पूर्वेकडे वळून बंगालच्या उपसागरास मिळते. सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरून कोकणात जाते आणि बाणकोटपाशी अरबी समुद्रास मिळते. ज्या कोकणातून आणि सातारा प्रांतातून आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज मुंबई बंदराकडे निघाले, त्या दोन्ही प्रदेशांना पाणी देणारा हा डोंगर आहे.

यात्रेच्या या क्षेत्राजवळ हवा खाण्याचे ठिकाण वसले ते इंग्रजी अमदानीत. १८२४ साली लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी हा डोंगर चढला. पुढे १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम येथे आले आणि १८२९ मध्ये त्यांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याकडून ही जागा वाई तालुक्यातील खंडाळा गावाच्या बदल्यात घेतली. नव्या वसाहतीस माल्कमपेठ हे नाव पडले. दहाच वर्षांनी, १८३९ साली, कंपनी सरकारने त्याच प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस धाडले. तेथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्यामागून गादीवर आलेले त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली गावाच्या पाण्यासाठी तलाव बांधविला. तेच आजचे वेण्णा सरोवर. आपला गंगा तलाव जुन्या ज्वालामुखीच्या मुखात निसर्गानेच निर्माण केला. वेण्णा सरोवर मात्र माणसांच्या हातांनी झाले आहे.

या सरोवराचे रूप ऋतूप्रमाणे पालटते. एप्रिल-मे महिन्यांत देशावर ऊन तापू लागले म्हणजे मुंबईचे गव्हर्नर आपला परिवार घेऊन येथे येत. आज सर्वसामान्य कुटुंबे येतात. तलावात नावा फिरतात, काठावर मुले घोड्यावर बसतात, भाजलेल्या कणसांचा वास दरवळतो; बाजारात जांभळे, करवंदे, तुती येतात. जून ते सप्टेंबर हा काळ मात्र पावसाचा. वर्षाकाठी दोनशे इंचांहून अधिक पाऊस येथे पडतो आणि सरोवर धुक्यात बुडून जाते. आपल्याकडे हिवाळ्याची सुटी असते तेव्हा तिकडे ही मुसळधार चालू असते, हे प्रवाशांनी ध्यानात ठेवावे.

डिसेंबर-जानेवारीत आपण उन्हाने त्रासलेले असतो, तेव्हा तेथे कडाक्याची थंडी पडते. काही पहाटे सरोवराकाठच्या गवतावर आणि नावांवर दव गोठून पांढरे हिमकण दिसतात. याच दिवसांत मळ्यांत स्ट्रॉबेरी पिकते. या स्ट्रॉबेरीस २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

उन्हाळ्यात पाहुण्यांना डोंगरावर आणणाऱ्या वाटा आणि हिवाळ्यात बहरणारे मळे हे कोणाच्या श्रमाचे फळ? १८३४ च्या सुमारास येथे एक तुरुंग उभारला गेला. पूर्वेकडील ब्रिटिश वसाहतींतून हद्दपार केलेले चिनी आणि मलायी कैदी त्यात ठेवीत. त्यांच्या हातून येथील चांगले रस्ते झाले. बटाटे व इतर विलायती भाज्यांची लागवड येथे रुजली, तिचेही मोठे श्रेय त्यांच्याकडे जाते. १८६४ मध्ये हा तुरुंग बंद झाला.

आता आपल्या बेटाकडे पाहू. १८१५ पासून हिंदुस्थानातील कैदी मॉरिशसमध्ये आणून त्यांच्याकडून रस्ते बांधून घेतले जात होते. १८३४ पासून शर्तबंद मजुरांची जहाजे नियमाने येऊ लागली. चिनी माणसाला सह्याद्रीवर आणि हिंदी माणसाला मॉरिशसमध्ये नेऊन राबविणारे साम्राज्य एकच होते. आपले पूर्वज कैदी नव्हते. ते करारावर आले होते. परंतु परक्या मुलखात, परक्यांच्या सुखासाठी राबणे दोघांच्याही वाट्यास आले.

महाबळेश्वरच्या कड्यांना लॉडविक, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन अशी नावे आहेत. रस्ते खोदणाऱ्या एकाही कैद्याचे नाव कोणत्याही कड्यास नाही. आपल्या पूर्वजांचे पाऊल जेथे लागले, तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा म्हणून मान्य झाला, हे आपले भाग्य. म्हणूनच विस्मृतीत गेलेल्या श्रमिकांचे स्मरण ठेवण्याचे कर्तव्य आपल्याकडे अधिक येते. उन्हाळ्यात जा वा हिवाळ्यात जा. वेण्णेचे सौंदर्य मनसोक्त पाहा, पंचगंगेचे तीर्थ घ्या, आणि ज्या वाटेने वर चढाल, ती वाट करणाऱ्या त्या दूरदेशीच्या अनामिक हातांना एकवार नमस्कार करा.